मीरा आज दिसली का? गोव्यातून एका रूपविकारी ताऱ्याची वही कशी ठेवायची

केरीला माहेरच्या खळ्यात उभं राहून पहिल्यांदा मीरा शोधली, तेव्हा ती सापडलीच नाही. नकाशा बरोबर होता, दिशा बरोबर होती, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि चष्म्याचा नंबरही नुकताच बदलून आणला होता. तासभर मान वर करून ताटकळल्यावर आई दारातून म्हणाली, "नाही सापडत तर घरात ये, दंव पडतंय." पुढे एका वर्षी त्याच खळ्यातून, त्याच जागी, ती इतकी ठळक दिसली की शोधावीच लागली नाही. मधल्या काळात माझे डोळे सुधारले नव्हते. मीरा परत आली होती.

मीरा म्हणजे तिमिंगल तारकासमूहातला ओमिक्रॉन सेटी हा तारा. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तांबडा राक्षसी तारा, आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं दूर. साधारण ३३२ दिवसांत तिचं एक आवर्तन पुरं होतं. एरवी तिचं कमाल तेज साडेतीनाव्या प्रतीच्या आसपास असतं आणि किमान नवव्या प्रतीच्या. प्रत म्हणजे तेजाचं माप, आणि त्याचं गणित उलटं चालतं: आकडा मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. म्हणजे साध्या डोळ्यांना सहज दिसणारा तारा काही महिन्यांत दीडशेपटीहून जास्त मंद होऊन चक्क नाहीसा होतो. तारा पुल्लिंगी आहे हे मला माहीत आहे, पण नावच असं आहे की वहीत मी 'मीरा दिसली' असंच लिहिते. इथेही तेच चालू दे.

हे नाव कृष्णभक्तीतून आलेलं नाही. लॅटिनमध्ये 'मीरा' म्हणजे अद्भुत. हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने ते १६६२ साली रूढ केलं. त्याआधी, १५९६च्या ऑगस्टमध्ये, डेव्हिड फाब्रिशियस या जर्मन धर्मोपदेशकाला ती दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि १६०९मध्ये पुन्हा दिसली. बिचाऱ्याला तिचं आवर्तन काही उमगलं नाही. तिचं जाणं-येणं ठरावीक काळाने होतं, हे होल्वार्डा या खगोलशास्त्रज्ञाने १६३८ साली ओळखलं.

आधी पंचांग, मग दुर्बीण

गोव्यातल्या माणसासाठी या ताऱ्यातली सगळ्यात मोठी अडचण तारा नाहीच, पाऊस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ आपलं नसतं. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सूर्य मीराच्या जवळ असतो, त्यामुळे तेव्हाही ती मिळत नाही. उरतात ऑक्टोबर ते मार्च. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती रात्री सव्वाआठच्या सुमारास उगवते. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री दहाला आणि जानेवारीच्या मध्यावर संध्याकाळी सव्वासातलाच ती दक्षिणेला सर्वांत उंच असते. फेब्रुवारीअखेर साडेदहाच्या आत मावळते. मार्च सरता सरता संधिप्रकाशात हरवते.

आता मीराचं स्वतःचं घड्याळ यावर ठेवून बघा. आवर्तन ३३२ दिवसांचं, वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून तिची कमाल दर वर्षी साधारण महिनाभर अलीकडे सरकते. आणि गंमत अशी की ३३२ला ११ने गुणलं तर ३६५२ येतात, म्हणजे जवळजवळ नेमकी दहा वर्षं. दहा वर्षांत अकरा कमाली, आणि अकराव्या वर्षी पुन्हा तीच तारीख. याचा आपल्यासाठी अर्थ असा की सलग पाचेक वर्षं मीरा गोव्याच्या कोरड्या महिन्यांत फुलते आणि पुढची पाच-सहा वर्षं उन्हात आणि पावसात फुकट जाते. मी पहिल्यांदा शोधायला गेले ते नेमकं चुकीच्या वर्षी. हा हिशेब कोणी आधी सांगितला असता तर मानेचं दुखणं वाचलं असतं.

तेव्हा पहिलं काम घरात बसून करायचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११पासून अशा ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. तिच्या संकेतस्थळावर ओमिक्रॉन सेटीचा गेल्या काही वर्षांचा तेजवक्र, म्हणजे तेजाच्या चढउताराचा आलेख, फुकट बघायला मिळतो. मागची कमाल कधी झाली ते बघा आणि त्यात ३३२ दिवस मिळवा. तारीख दोन-तीन आठवडे पुढेमागे होते, ते धरूनच चाला. कमालीच्या आगेमागे मिळून साधारण तीन महिने ती साध्या डोळ्यांच्या टप्प्यात असते. चढण झपाझप, तीन-साडेतीन महिन्यांची. उतरण त्याच्या दुप्पट रेंगाळणारी. म्हणून कमाल सप्टेंबरमध्ये पावसात गेली तरी हळहळू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली उतरण मिळते. कमाल एप्रिलमध्ये असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये चढण. फक्त शिखर दिसत नाही.

मात्र एक करा: तेजवक्रावरची आजची किंमत बघू नका. का, ते पुढे येईल.

चांद्रमासाचंही लक्षात ठेवा. कोजागरीचा चंद्र अश्विनी-रेवतीच्या आसपास असतो, म्हणजे मीराच्या जवळपास शेजारीच. त्रिपुरारी पौर्णिमेला कृत्तिकांजवळ, म्हणजे तोही फार लांब नाही. या दोन्ही रात्री मसाला दूध प्या, दिवे लावा, वही घरी ठेवा. याउलट दिवाळीची अमावस्या उत्तम, पण नरकासुराची रात्र तेवढी सोडून. त्या रात्री गावभर फिरणारे दिवे, स्पीकर आणि पहाटे जळणाऱ्या नरकासुरांचा धूर, यात चौथ्या प्रतीचा तारा कुठला टिकतोय. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शेवटी नरकासुर बघूनच घरी आले.

जागा

आठवडाभर मी पणजीत असते. तिथल्या गच्चीवरून मीरा चौथ्या प्रतीखाली गेली की संपली. मांडवीच्या काठावरचा झगमगाट दमट हवेत पसरतो आणि आभाळाला दुधाळ करतो. केरीला, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अमावस्येला मी साडेपाचाव्या प्रतीपर्यंत उतरते. नेत्रावळी, खोतीगाव, घाटावरचं सुर्ल हे भाग काळोखाचेच.

पण काळोख म्हणजे सगळं नव्हे. सत्तरीत पूर्वेला सह्याद्री आडवा उभा आहे. क्षितिजाचे पंधरा अंश डोंगराने खाल्ले, की तारा घरात पोचायला तासभर उशीर. ऑक्टोबरात हा तास जाणवतो. याउलट फेब्रुवारी-मार्चमध्ये मीरा पश्चिमेला कलते तेव्हा किनाऱ्यावरचे लोक नशीबवान. काणकोणातल्या एखाद्या शांत किनाऱ्यावरून ती समुद्राच्या दिशेने उतरताना दिसते, तेव्हा केरीला आमच्या कुळागरातल्या माडांच्या झावळ्यांनी तिला कधीच गिळलेलं असतं. म्हणून ऋतूच्या सुरुवातीला किनारा किंवा सडा (उघडं पठार) आणि मधल्या महिन्यांत डोंगराकडचं गाव. शेवटी पुन्हा किनारा, असं जमलं तर बरं. नाही जमलं तर डिसेंबर-जानेवारी हे दोन महिने कुठूनही चालतात, कारण तेव्हा ती गोव्यातून एकाहत्तर अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येते. कुळागराच्या मधोमध उभं राहू नका म्हणजे झालं. भात कापून झालेलं शेत सगळ्यात छान.

इतक्या उंचावरचा तारा उभ्याने बघू नये. चटई टाका, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला, कारण दंव खालून येतं. टॉर्चला तांबडा जिलेटीन कागद गुंडाळा; आकाशकंदील करून उरलेला चालतो. वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. ही अट सगळे वाचतात आणि कोणी पाळत नाही. एक व्हॉट्सॲप उघडलंत की काळोखाला सरावलेली नजर पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

वाट

मीरा थेट शोधायला जाऊ नका. आधी शेजारी ओळखा.

कृत्तिकांचा पुंजका सगळ्यांना माहीत असतो. त्यांच्या पश्चिमेला, दोन मुठींपेक्षा थोडं जास्त अंतरावर, मेष राशीतला हमाल हा दुसऱ्या प्रतीचा तारा आहे (हात लांब केला की मूठ म्हणजे सुमारे दहा अंश). नावाचा ओझ्याशी संबंध नाही, अरबीत तो मेंढा. कृत्तिका आणि हमाल हा पाया धरा आणि दक्षिणेकडे टोक असलेला मोठा त्रिकोण काढा. त्या टोकाशी जो एकटा, किंचित तांबूस तारा आहे तो मेंकार, प्रत २.५. खात्री करायची असेल तर रोहिणीच्या इंग्रजी व्हीसारख्या आकृतीचं टोक बघा. तेही साधारण मेंकारच्याच दिशेला रोखलेलं असतं.

मेंकार हा तिमिंगलाच्या डोक्याच्या कड्यातला तारा. त्याच्या पश्चिमेला तीन बोटांवर, म्हणजे पाच अंशांवर, गॅमा सेटी. तिथून दक्षिणेला तीन अंशांवर डेल्टा सेटी. आता त्याच चालीने नैर्ऋत्येला आणखी सहा अंश उतरा. तिथे मीरा. किंवा तिथे काहीच नाही.

काहीच नसेल तरी परतू नका, कारण हीसुद्धा नोंद आहे. 'मीरा नाही' एवढं लिहून भागत नाही, तेवढं मात्र ध्यानात ठेवा. त्या भागात तुम्हाला दिसलेला सर्वांत मंद तारा कोणता, ते बघायचं. डोक्याच्या कड्यात न्यू सेटी आहे, प्रत ४.९. तो दिसत असेल आणि मीरा दिसत नसेल, तर ती ४.९ पेक्षा मंद आहे. वहीत '<४.९'. ज्या रात्री मी हताश होऊन आत गेले त्या रात्री मला हे माहीत नव्हतं, नाहीतर ती माझी पहिली नोंद झाली असती.

अंदाज

आता मुख्य कौशल्य. ताऱ्याचं तेज डोळ्यांनी मोजता येत नाही. पण दोन ताऱ्यांत उजळ कोणता, हे डोळा चांगलं सांगतो. दोन आमसुलांतलं आंबट कुठलं ते जीभ सांगते, किती आंबट ते नाही, तसंच. म्हणून मीरापेक्षा किंचित उजळ एक तारा आणि किंचित मंद एक तारा असे दोन पकडायचे आणि मीरा त्यांच्या मध्ये कुठे बसते ते ठरवायचं.

उजळपासून मंदाकडे, कामाचे तारे हे: डिफ्डा २.०, मेंकार २.५, गॅमा सेटी ३.५, अल्फा पीशियम ३.८, डेल्टा सेटी ४.१, क्साय-२ सेटी ४.३, न्यू सेटी ४.९, ७५ सेटी ५.४. संस्थेच्या नकाशावर हेच आकडे ३५, ४१, ४९ असे टिंबाशिवाय छापलेले असतात. टिंब दिलं तर तो आणखी एक तारा वाटायचा.

समजा आज मीरा गॅमापेक्षा मंद आहे आणि डेल्टापेक्षा उजळ. दोघांतलं अंतर ०.६ प्रतीचं. मीरा गॅमाकडे झुकलेली, वाटेचा साधारण एक तृतीयांश भाग खाली. ३.५ अधिक ०.२, म्हणजे ३.७. झालं. यात ०.२ किंवा ०.३ची चूक राहतेच, सगळ्यांचीच राहते, म्हणून तर पुष्कळ लोकांच्या नोंदी लागतात.

डोळा मात्र फसवतो, आणि मीराच्या बाबतीत जास्तच. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो उजळत जातो. दहा सेकंद टक लावा आणि ३.७ची ३.४ झालेली बघा. म्हणून झरझर नजर टाकायची: गॅमा, मीरा, डेल्टा, मीरा, बस्स. बायनॉक्युलर असेल तर फोकस थोडा बिघडवा; टिंबांचे गोल ठिपके झाले की तुलना सोपी होते. ज्या दोन ताऱ्यांची तुलना चालू आहे त्यांना जोडणारी रेघ दोन्ही डोळ्यांच्या रेघेला समांतर येईल अशी मान वळवा, कारण खाली असलेला आणि वर असलेला तारा डोळ्याला सारखा दिसत नाही. चटईवर लोळून बघण्याचा हा आणखी एक फायदा, नुसतं कूस बदलून काम होतं. आणि मावळतीकडे गेलेल्या मीराची तुलना उंचावरच्या ताऱ्याशी करू नका, क्षितिजाजवळची जाड हवा तिचा प्रकाश खाते. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर काजूच्या बागा साफ करून जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूरही त्यात येतो.

आता ती राहिलेली गोष्ट. दुसऱ्या हंगामात मी रोज संध्याकाळी तेजवक्र बघून खळ्यात जायची. इतरांनी ३.२ म्हटलेलं असायचं, मलाही ३.२ दिसायचं. सलग तीन आठवडे माझ्या वहीत ३.२ आहे. नंतर ताज्या नोंदी आल्या तेव्हा कळलं की त्या दिवसांत मीरा उतरायला लागली होती आणि अर्ध्या प्रतीपेक्षा जास्त उतरली होती. मी तारा बघत नव्हते, वाचलेला आकडा आभाळात शोधत होते. ती तीन पानं मी फाडली नाहीत, त्यांवर तिरकी रेघ मारून ठेवली आहे. तेव्हापासून नियम: आधी आभाळ, मग वही, आणि इतरांच्या नोंदी हंगाम संपल्यावर. स्वतःचं मागचं पानसुद्धा उलटायचं नाही. मी त्याला कपड्यांचा चिमटा लावते.

नोंद

रोज बघायची गरज नाही. मीरा इतकी झटपट बदलत नाही; आठवड्यातून एकदा पुरे, चढणीच्या वेळी हवं तर पाच दिवसांनी. वहीत तारीख, वेळ, अंदाज, कोणत्या दोन ताऱ्यांशी तुलना केली ते, आणि आभाळ कसं होतं ते. शाईचं पेन नको. माझ्या पहिल्या वहीतलं डिसेंबरचं एक पान दंवाने असं फुललंय की ४.१ आहे की ४.७ ते आज मलाच वाचता येत नाही. पेन्सिल घ्या.

नोंद पाठवायची असेल तर वर सांगितलेल्या संस्थेकडे निरीक्षक म्हणून नाव नोंदवून संकेताक्षरं घ्यावी लागतात, त्यासाठी सभासद असण्याची सक्ती नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची: आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. जूलियन दिनांक वापरणार असाल तर आपली चैन आहे. तो दिवस जागतिक दुपारी बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात मावते, मध्यरात्री तारीख बदलण्याची भानगड नाही.

हौशी माणसाच्या नोंदींना कोण विचारतं, असं वाटत असेल तर राधागोविंद चंद्र आठवा. आज बांगलादेशात असलेल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यातले कर्मचारी. नोकरी सांभाळून त्यांनी याच संस्थेला रूपविकारी ताऱ्यांच्या हजारो नोंदी पाठवल्या. संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली, जहाजातून.

ती जाते कुठे

खळ्यातून जाताना शेजारच्या काकींनी एकदा विचारलं होतं, "ती विझते म्हणजे नेमकं काय गो होतं?" हा प्रश्न रास्त आहे. मीरा विझत नाही. ती आकाराने सूर्याच्या तीनशेपटीहून मोठी. सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाच्या कक्षेपर्यंत पोचेल. एवढा विरळ, सैल गोळा धडधडतो आणि त्यात तिचं पृष्ठभागाचं तापमान खाली-वर होतं, तेही मुळात तीन हजार अंशांच्या घरातलं. थंड झाली की तिच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू जास्त तयार होतात आणि ते नेमका डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषतात. वर, थंड तारा आपला प्रकाश अवरक्तात जास्त ओततो. म्हणजे दिवा चालूच असतो, फक्त समोर जाड तांबडा पडदा येतो. अवरक्तात बघणाऱ्या दुर्बिणीला तिचा चढउतार फार कमी दिसतो. सूर्यही काही अब्ज वर्षांनी या अवस्थेतून जाणार आहे.

तिला एक श्वेत बटू सोबती आहे, तो आपल्या साधनांत दिसत नाही. तिने मागे सोडलेल्या वायूची तेरा प्रकाशवर्षं लांबीची शेपटी २००७ साली अतिनील प्रकाशात सापडली, तीही दिसत नाही. आपल्याला दिसतो तो ठिपका. दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरने काळोख्या गावातून तो आठव्या प्रतीच्या खालपर्यंत पाठलाग करू देतो. त्यापुढे छोटी दुर्बीण लागते, आणि तेव्हा एक सावधगिरी बाळगा. मीराच्या अगदी शेजारी, दोन कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), नवव्या प्रतीचा दुसरा एक तारा आहे. किमान तेजाच्या काळात तोच मीरा म्हणून वहीत घुसतो. दोन ठिपके दिसले तर नकाशा उघडा. पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीने लोकांसाठी वेधशाळा चालवली, तिथेच मी असे ठिपके वेगळे करायला शिकले. जवळपास अशी मंडळी असतील तर दुर्बीण विकत घेण्याआधी त्यांच्याकडे जा.

मार्चमध्ये शिगम्याचे ढोल वाजू लागले की माझी मीराची पानं संपतात. तेव्हा मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापासून पश्चिमेला पाच अंशांवर आर लिओनिस हा मीराचाच जातभाई मिळतो. आवर्तन सुमारे ३१० दिवसांचं, पण तो तिच्याइतका उजळ क्वचितच होतो, त्याला बायनॉक्युलर हवाच. मे महिन्यात ढग जमेपर्यंत त्याच्यावर भागवायचं. मग चवथ होऊ द्यायची, पाऊस ओसरू द्यायचा. सप्टेंबरच्या मध्यानंतर एखाद्या रात्री अकराच्या पुढे आभाळ उघडलं, की पूर्वेला आधी कृत्तिका शोधायच्या, आणि पेन्सिलीला टोक करून ठेवायचं.